पिकलेलं पाणी

आगरवाड्याला, नवव्या वाफ्यातलं पाणी
मार्च सरता सरता लाल व्हायला लागतं.
गाजराचं लाल नव्हे, विटेचंही नव्हे;
खरचटलेल्या गुडघ्यावर
खपली धरायच्या आधी असतं
तसं काहीतरी.

मी वहीत लिहिते: दोनशे ऐंशी.
समुद्र पस्तीस असतो.
मधे कुठेतरी मासे थांबतात, मग खेकडे,
मग हिरवं शेवाळ मागे वळतं,
आणि पुढे हेच जातात,
ज्यांना डोळे नाहीत, तोंड नाही,
आणि ज्यांचं लॅटिन नाव घेतलं
की शाबलो नागवेकर हसतो.
"कितें म्हळें? परतून सांग."
परत सांगते. परत हसतो.

त्याच्या लेखी पाण्याच्या जाती दोनच :
कच्चं, आणि पिकलेलं.
चाळीस वर्षं करंगळी बुडवून जिभेला लावली
आणि मानशीची फळी उचलायची की नाही
ते त्या जिभेवर ठरलं.
गेल्या दिवाळीपासून पेडण्याच्या डॉक्टरनं
मीठ बंद केलंय.
आता तो बांधावर बसून अळणी पेज पितो,
सवयीनं बुडवलेली करंगळी पंचाला पुसतो
आणि माझ्याकडे बघतो.
"बाये, तुजी नळी कितें म्हणटा?"
मी नळी उजेडाकडे धरते.
निळं संपून पांढरं सुरू होतं ती रेघ वाचते,
आकडा सांगते,
आणि कुणाचं तरी काही उचलल्यासारखं वाटतं.

सतरा एप्रिलच्या रात्री चार तास पडला.
कुणी बोलावला नव्हता.
सकाळी नववा वाफा आभाळाच्या रंगाचा.
मोपाहून उठलेलं विमान त्यात स्वच्छ दिसलं,
पोटावरच्या अक्षरांसकट.
वर साठ, तळाशी दोनशे दहा.
बाटली भरली. काचेखाली पाहिलं :
सुजलेले, मग फुटलेले,
मग नुसतं धुकं.

लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
यांना दुसरं काही येतच नाही.
यांच्या अंगाची भिंतच मिठानं धरलेली;
गोडं पाणी शिरलं
की सुटते.

हे सांगितलं तेव्हा शाबलो हसला नाही.
दंताळं आडवं टाकून उकिडवा बसला.
"आमचेंय तशेंच," म्हणाला,
आणि तंबाखूची डबी शोधत राहिला,
जी त्याच्या हातातच होती.

पलीकडचे पाच वाफे त्याच्या चुलत्याचे.
बांध फुटला, कुणी बुजवला नाही,
आता तिथं तिवरं.
तिवरांत मला अठरा जाती मिळाल्या,
चालू वाफ्यांत चार.
तक्त्यात अठरा हा आकडा फार देखणा दिसतो.
चारांची बाजू कुठल्या रकान्यात मांडतात,
मला कुणी शिकवलं नाही.

निघताना त्यानं वर्तमानपत्रात बांधून दिलं
गेल्या सालचं मीठ,
जाडं, मळकं, मक्याच्या दाण्याएवढं.
"बांगडे सुकोवपाक बरें."

पणजीला रात्री एक खडा काचेखाली ठेवला.
त्याच्या पोटात पाण्याचा थेंब अडकलेला,
मीठ जमताना आत राहून गेलेला.
थेंबात तांबूस ठिपके.
हलत नव्हते.
झोपले असतील. वाचलंय मी, ते असे झोपतात,
आपण मोजतो त्याहून लांब.
पण खडा विरघळवल्याशिवाय कळायचं नाही,
आणि विरघळवायचा तर कशात,
किती खाऱ्यात, किती हळू.

शेऱ्याच्या रकान्यात "जिवंत" लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
मग दुसरा खडा उचलून
जिभेपाशी नेला,
थांबले,
आणि कागदात परत ठेवला.